सात रस्त्यावरून चालत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी सायंकाळी केलेले भाषण)



आधी एक कबुली देते. ती ज्यांना द्यायची, त्या आपल्या इतिहासाच्या बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

बाई, आम्ही नववीत असताना एका रविवारी सकाळी तुम्ही वर्गाला शहर दाखवायला पायी घेऊन गेला होता. सक्ती नव्हती. ‘घरी पाहुणे येणार आहेत’ असं मी सांगितलं होतं. पाहुणे कुणी येणार नव्हते. मी घरी बसून बीजगणिताची उदाहरणं सोडवत होते. इतिहासाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत नाही, एवढं मला त्या वयात पक्कं कळत होतं. पुढे प्रवेश मिळाला, नोकरी मिळाली, आणि त्या रविवारची आठवण पार बुजून गेली.

ती वर आली परदेशात. कंपनीच्या कामासाठी लिस्बनला गेले होते. रविवार मोकळा होता म्हणून अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत पायी हिंडवणाऱ्या एका बाईंच्या गटात सामील झाले. टेकडीच्या उतारावरची वस्ती, अरुंद बोळ, पायऱ्याच पायऱ्या. १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा मोठा भाग कोसळला, पण अल्फामा बऱ्यापैकी वाचली. त्या बाई घाई करत नव्हत्या. एका दारापाशी थांबायच्या, एका नळापाशी थांबायच्या. तीन तासांत आम्ही जेमतेम दोन किलोमीटर चाललो असू. वर किल्ल्यापाशी पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना विचारलं, तुम्ही ज्या रस्त्यावर वाढलात तिथली एक गोष्ट सांगा.

माझी पाळी आली. मी म्हटलं, आमच्या घराजवळच्या चौकाला ‘सात रस्ता’ म्हणतात. त्यांनी विचारलं, ते सात रस्ते कुठे कुठे जातात? मी बोटं मोजायला लागले. पाच झाले आणि थांबले. मग ‘आमच्या गावच्या चादरी प्रसिद्ध आहेत’ असं सांगून वेळ मारून नेली. त्या रात्री हॉटेलवर मला झोप लागली नाही.

परत आल्यावर बाईंना फोन केला. गुडघ्यांमुळे त्यांना आता फार चालवत नाही. पण त्यांनी फोनवर सगळी वाट सांगितली, कुठे थांबायचं तेही सांगितलं. मी ती हिशोबाच्या वहीत उतरवून घेतली. पाहुण्यांचं खोटं मात्र फोनवरही बोलायचं धाडस झालं नाही. आज सगळ्यांसमोर बोलले.

गेल्या जानेवारीत मुलीला घेऊन सोलापूरला आले. सकाळी साडेसहाला आम्ही मायलेकी सात रस्त्यावर उभ्या राहिलो आणि आधी रस्ते मोजले. किती भरले ते सांगत नाही, उद्या तुम्हीच मोजा. संगमेश्वर कॉलेज, तिथली पहाटेची चहाची गाडी, रिक्षांची रांग. मग रंगभवनाकडे निघालो. आपल्याकडे अल्फामासारखी टेकडी नाही, दम लागत नाही. त्यामुळेच आपण सगळे गाडीवरून भुर्रकन निघून जातो.

पहिला थांबा सिद्धेश्वर. तळ्याच्या कडेने हळूहळू गेलो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदवलं, अशी आपली परंपरा सांगते. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. आपण लहानपणी गड्ड्याला पाळण्यात बसायला जायचो, नंदीध्वजांमागून ‘हर्र बोला हर्र’ ओरडत धावायचो. पण आपल्या ग्रामदैवताची भाषा कन्नड, हे कधी मनात आलं होतं?

तळ्याला लागूनच भुईकोट. बहमनी काळातला किल्ला. एका बाजूला तळं, बाकी बाजूंना खंदक. १८१८ च्या मे महिन्यात तो इंग्रजांनी घेतला आणि इथली पेशवाई संपली. आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. बाईंनी सांगितलं होतं, ‘तिथल्या खांबाला हात लावून बघ.’ मी लावला. दगड थंडगार होता.

तिथून पार्क चौक, आणि मग चार पुतळे.

आपल्यासाठी तो पत्ता होता. ‘चार पुतळ्यापाशी उतर’, ‘चार पुतळ्यापाशी थांब बे, आलोच.’ मी तिथे कितीदा बसची वाट पाहत उभी राहिले असेन, पण खालची नावं एकदाही वाचली नव्हती. मुलगी जवळ गेली आणि मोठ्याने वाचायला लागली. मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मग वळून म्हणाली, ‘आई, ही तर तुमच्या वर्गाची हजेरी वाटतेय.’

खरंच आहे ना? आपल्या वर्गात असलीच आडनावं एका बाकावर बसायची.

मग मी तिला बाईंकडून शिकलेलं सांगितलं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, माणसं मेली, पोलीस चौकी जळाली. काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच राहिला नाही. मग मार्शल लॉ आला, गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा झाला. या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. कुर्बान हुसेन तेव्हा ऐन विशीत होते. मुलीने विचारलं, ‘आणि हे तुला शाळेत शिकवलं नव्हतं?’

शिकवलं होतं गं. त्या रविवारी मी गेले नव्हते.

तिथून जवळच इंद्रभुवन, आपली महापालिका. मल्लप्पा वारद यांनी बांधलेला तो वाडा आपण घरपट्टीच्या रांगेतूनच पाहिला. मान वर करून नक्षी बघितली तर अर्धा तास हलता येत नाही.

शेवटचा थांबा बाईंनी सांगितला नव्हता. तो मी ठरवला. १८६० मध्ये रेल्वे आली, मागून गिरण्या आल्या, आणि तेलंगणातून, कर्नाटकातून, आसपासच्या खेड्यांतून माणसं आली. म्हणून आपल्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच नळावर भांडायच्या. आपण दहावीला होतो तेव्हा यातल्या काही गिरण्या शेवटच्या घटका मोजत होत्या. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरांत अचानक शांतता झाली. आपल्या वर्गातले दोघे सहामाहीनंतर आलेच नाहीत. एक जण यंत्रमागावर गेला आणि दुसऱ्याचं कुटुंब भिवंडीला गेलं. ते का येत नाहीत, हे मी विचारलं नाही. माझा पहिला नंबर थोडा सोपा झाला, इतकंच मनात आलं. बंद गिरणीच्या भिंतीजवळ उभं राहून हेही मुलीला सांगितलं. ती काही बोलली नाही, तिने माझा हात धरला.

यंत्रमागावर गेलेला तो मित्र आज या सभागृहात आहे. आयोजकांनी त्याला शोधून काढलं, त्यांचे आभार.

आपल्यापैकी निम्मे पुण्यात, बेंगळुरूत आणि त्याहूनही लांब आहेत. आपली मुलं सोलापूर म्हणजे आजीचं घर, शेंगा चटणी आणि कडक भाकरी, एवढंच ओळखतात. त्यात त्यांची चूक नाही. त्यांना कुणी चालत नेलेलं नाही. आणि ती वाट ज्यांना तोंडपाठ आहे, त्या बाईंनी आता ऐंशी ओलांडली आहे.

म्हणून उद्या सकाळी साडेसहाला सात रस्त्यावर या. मुलांना आणा. गाड्या लावून ठेवा, पायी जायचं आहे. बाईंसाठी रिक्षा सांगितली आहे. ती आपल्या चालीने चालेल आणि बाई म्हणतील तिथे थांबेल.

बाई, उद्या आमच्या घरी कुणी पाहुणे येणार नाहीत. मी नक्की येते.