मास्कची सक्ती आणि मास्कची समजूत

(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत पौड, ता. मुळशी येथे दिलेले व्याख्यान)



विषय शिळा झाला, असे काहींना वाटेल. राज्यातली मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी उठली. घरोघरी दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेले मास्क कचऱ्यात गेले आणि त्यावरून झालेली भांडणे मात्र अर्धवटच राहिली. मला ती भांडणेच आज बोलायला घ्यायची आहेत. साथ चालू असताना अशा विषयावर कुणी शांतपणे ऐकून घेत नाही, आणि पुढची साथ आली की बोलायला वेळ नसतो. बोलायचे ते मधल्या दिवसांतच.

पुण्याने मास्क २०२० मध्ये पहिल्यांदा पाहिला, असे मुळीच नाही. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरच्या आठवड्यात शहर ओळखू येईना. शाळा बंद, चित्रपटगृहे बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा. औषधाच्या दुकानांतले मास्क संपले आणि काही रुपयांची वस्तू अव्वाच्या सव्वा भावाने विकली गेली. ज्यांना मास्क मिळाला नाही त्यांनी रुमाल बांधले. यासाठी कुणी दंडाची पावती फाडली नव्हती. लोकांनी आपणहून तोंड झाकले. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली तर त्याच्या कितीतरी आधीपासून धूळ आणि उन्हासाठी फक्त डोळे उघडे राहतील अशी ओढणी बांधत आल्या आहेत. आपल्याकडे भात झोडताना कूस उडू लागली की बाई पदराचे टोक नाकावरून घेऊन मागे खोचते आणि गडी उपरणे गुंडाळतो. तेव्हा ‘आपल्या लोकांना तोंड झाकायची सवय नाही’ हे जे अधिकारी सांगत होते, त्यांनी आपले लोक पाहिले नव्हते.

मग त्याच जिल्ह्यात २०२० मध्ये एवढा वाद का व्हावा?

पहिले कारण असे की सांगणाऱ्यांनीच आपले सांगणे बदलले आणि ते का बदलले हे सांगितले नाही. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की धडधाकट माणसाला मास्कची गरज नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपल्या केंद्र सरकारने घरी शिवलेले कापड वापरा म्हणून सल्ला दिला. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला आणि पाठोपाठ इतर शहरांतही सक्ती आली. जागतिक संघटनेने आपला सल्ला बदलला तो ५ जूनला. या बदलामागे कारणे होती. डॉक्टर-नर्सना पुरतील इतके मास्क नव्हते. केंद्राने १३ मार्चला मास्क जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणले आणि त्यानंतर तीन पदरी मास्कचा कमाल भाव १० रुपये ठरवला. शिवाय लक्षणे नसलेला माणूसही रोग देतो हे तोवर नीट कळले नव्हते. ही दोन वाक्ये गावागावांत सांगितली असती तर लोकांना पटली असती. माणसे अडाणी नसतात. काल नको म्हणणारा आज दंडाचे पाचशे रुपये मागतो, एवढेच त्यांना दिसले. काम बंद पडलेल्या पिरंगुटच्या कंत्राटी कामगाराला त्या दिवसांत पाचशे रुपये म्हणजे किती, हे या सभेत मी वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण दंडाच्या जागेत आहे. चांदणी चौकातली नाकाबंदी आठवा. बॅरिकेड दिसले की दुचाकीवाला एका हाताने हनुवटीवरचा मास्क नाकावर ओढायचा, आणि भूगावच्या बाजूला उतरला की पुन्हा खाली. त्या रस्त्यावर भणाणता वारा; रोग पसरण्याची शक्यता तिथे सर्वांत कमी. तोच माणूस संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या बंद सभागृहात, खिडक्या लावून, वातानुकूलन चालू ठेवून, मास्क खिशात घालून पंगतीला बसायचा. तिथे धोका सर्वांत जास्त, आणि पावती फाडणारा कुणी नाही. पोलिसाला रस्ताच दिसतो, तो बिचारा रस्त्यावरच दंड करणार. अशा दंडातून लोक जे शिकले ते पोलिसापासून बचाव करायला शिकले.

दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये गाडीत एकट्याने बसलेल्यालाही मास्क बंधनकारक ठरवला. पुढे तो नियम दिल्लीने स्वतःच मागे घेतला. मुंबईत कोट्यवधी रुपयांचा दंड गोळा झाला, आणि तो कुठल्या कायद्याच्या आधारे घेतला, हा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला. प्रश्न विचारणारे सगळे आडमुठे होते असे मी मानत नाही. ऐकू न येणारा माणूस समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखतो, त्याचे जग मास्कने बंद केले. दमेकऱ्याचा जीव घुसमटला. भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराचा मास्क अर्ध्या तासात घामाने ओला व्हायचा, आणि ओला मास्क कुचकामी. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क नको, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनेत होते, तरी लहानग्यांवरून आयांना लोकांनी भर रस्त्यात बोल लावले.

आता मास्कचा उपयोग होतो की नाही? इथे मी माझे मत लपवणार नाही: होतो. पण किती आणि कसा, हे नीट सांगितले पाहिजे. मास्कविरोधकांचा आवडता मुद्दा असा होता की विषाणू इतका बारीक असतो की मच्छर लोखंडी फाटकातून जावा तसा तो कापडातून जातो. यात एक गफलत आहे. विषाणू सुटा उडत नाही. बोलताना, खोकताना, भजन म्हणताना उडणाऱ्या थेंबांत आणि तुषारांत बसून तो येतो. मोठे थेंब साधे कापडही अडवते. बारीक तुषारांसाठी एन-९५ लागतो, कारण त्याच्या आतल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो आणि कण त्याला चिकटतात. तो साबणाने धुतला की भार जातो आणि मास्कचे नुसते कापड उरते. किती घरांत एन-९५ धुऊन दोरीवर वाळत घातलेले मी पाहिले! पुढे झडप असलेला मास्क तर घालणाऱ्याची उच्छ्वासाची हवा जशीच्या तशी बाहेर सोडतो. तो वापरू नका, असे केंद्राने जुलै २०२० मध्ये राज्यांना कळवले होते. ते पत्र राज्यापर्यंत आले, गावापर्यंत आले नाही.

संशोधनाचे म्हणाल तर डेन्मार्कमध्ये सहा हजार लोकांवर अभ्यास झाला. मास्क सुचवलेल्यांत १.८ टक्के लोकांना लागण झाली, न सुचवलेल्यांत २.१ टक्के, फरक इतका थोडा की त्यावरून काही ठरवता येईना. आपल्याला जवळचा अभ्यास बांगलादेशातला. सहाशे गावे, सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढ माणसे. अर्ध्या गावांत घरपोच मोफत मास्क दिले, उपयोग समजावला, बाजारात आणि मशिदीत न घालणाऱ्याला गोडीने आठवण केली, आणि इमाम व गावपुढाऱ्यांनी आधी स्वतः घातला. मास्क घालणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणांसह झालेली लागण सुमारे ९ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीच्या पुढच्या लोकांत ती ३५ टक्क्यांनी घटली. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. २०२३ च्या सुरुवातीला कोक्रेन या संस्थेचा आढावा आला आणि ‘मास्क निरुपयोगी ठरला’ अशा बातम्या झळकल्या. तेव्हा त्याच संस्थेच्या मुख्य संपादकांनी खुलासा केला की असा अर्थ काढणे चूक आहे, पुरावा अपुरा आहे एवढेच आढावा सांगतो. म्हणजे मास्क हे रामबाण औषध नाही आणि थोतांडही नाही. म्हाताऱ्या आईवडिलांच्या खोलीत जाताना, दवाखान्यात, भरलेल्या एसटीत त्याने फरक पडतो. बांगलादेशातल्या गावांकडून मी घेतो ती गोष्ट आणखी वेगळी आहे: तिथे त्यासाठी एक पैसाही दंड करावा लागला नाही.

सक्ती आणि समजूत यांतला हा फरक आपल्याला नवा वाटू नये. २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा, म्हणजे पुण्यातल्या प्लेगच्या वर्षातला. त्या साली रँडसाहेबाने घरझडतीसाठी गोरे सोल्जर घातले. देवघरात बूट गेले, माणसे उचलून नेली गेली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. एवढे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच प्लेगात लोकमान्य टिळकांनी दोन कामे एकाच वेळी केली, ती मला फार मोलाची वाटतात. त्यांनी ‘केसरी’तून सक्तीच्या रीतीवर आसूड ओढले, आणि त्याच वेळी लोकांसाठी हिंदू प्लेग रुग्णालय उभे करायला पुढे झाले. रोग्याला वेगळे ठेवणे त्यांना मान्य होते. ज्या तऱ्हेने ते केले जात होते ती अमान्य होती. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या. विरोध आणि सेवा एकाच शहरात, एकाच साथीत, खांद्याला खांदा लावून उभी होती. आपल्या साथीत मात्र जो सक्तीवर बोलेल तो बेजबाबदार आणि जो मास्क घालेल तो घाबरट, अशा दोनच खणांत माणसे कोंबली गेली.

मुळशीकरांना तर सरकारी ‘सार्वजनिक हिता’वर शंका घ्यायचा वारसाच आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते इथे. मुंबईला वीज हवी म्हणून मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्यात त्याला नाव होते सार्वजनिक प्रयोजन. ज्यांच्या पणजोबांनी हे सोसले त्यांच्यापुढे ‘लोकांच्या भल्यासाठी’ असे म्हणत कुणी आले तर ते कपाळाला आठ्या घालणारच. त्या आठ्यांना मी अज्ञान म्हणणार नाही. पण इथे एक फरक आहे आणि तो स्पष्ट सांगतो. धरणाने दुसऱ्याच्या सोयीसाठी आपले घेतले. बंद खोलीतला श्वास आपण सगळे एकमेकांना देतो. ‘माझे तोंड, माझी मर्जी’ हे म्हणणे मोकळ्या माळावर खरे आहे. रेशन दुकानाच्या दहा बाय दहाच्या गाळ्यात ते खरे राहत नाही.

पुढाऱ्यांबद्दल थोडे. २१ फेब्रुवारी २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘मी जबाबदार’ मोहीम जाहीर केली. आठवड्याच्या आत, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात राज ठाकरे मास्कशिवाय आले आणि आपण तो घालत नाही असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. त्यांचे मत काही असो. लाखो तरुण ज्यांच्याकडे पाहतात त्यांनी दुसरी लाट डोक्यावर असताना कारण न देता असे करणे मला चूक वाटले आणि आजही वाटते. त्यांच्या एकट्यावर मी बोट ठेवत नाही. एप्रिलमध्ये पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीत सभांची गर्दी सगळ्यांनीच जमवली. त्याच महिन्यात पुण्यात खाटेसाठी आणि रेमडेसिविरसाठी नातेवाईक रात्र रात्र फिरत होते. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस रुग्णालयात कोविडचे रुग्ण होते. तिथले आणि सगळीकडचे डॉक्टर-नर्स प्लास्टिकच्या पोशाखात तासन् तास उभे होते. मास्कच्या पट्ट्यांनी त्यांच्या गालांवर वळ उठलेले आपण पाहिले आहेत.

आणि या सगळ्या गदारोळात खिडकीचा विषय राहून गेला. जागतिक संघटनेने २८ मार्च २०२० ला ठासून सांगितले होते की हा रोग हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी पत्र लिहून हरकत घेतली. संघटनेच्या पानावर हवेतून पसरण्याची गोष्ट स्वच्छ शब्दांत यायला एप्रिल २०२१ उजाडला. तोवर आपण टेबले पुसत होतो, भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो आणि खोल्या बंद ठेवत होतो. कंपनीच्या बसच्या काचा बंद ठेवल्या म्हणून कुणाला पाचशेची पावती मिळाली नाही. मास्क माणसाच्या माथी मारता येतो. हवा खेळती ठेवणे ही मालकाची, संस्थेची, सरकारची जबाबदारी ठरते. म्हणूनही सगळी चर्चा मास्कवर थांबली असावी, असा माझा संशय आहे.

त्या दिवसांत बचत गटांच्या बायकांनी घरच्या शिलाई मशीनवर मास्क शिवले, आशाताई ओढणी बांधून दारोदार ताप मोजत फिरल्या. लोकांनी ऐकले ते त्यांचे. पावती फाडायचे काम सरकारने पोलिसाला दिले. समजावण्याचे काम कुणाला रीतसर दिलेच नाही, ते या बायकांनी अंगावर घेतले, तुटपुंज्या मानधनावर. माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ इथे आहे.

म्हणून मुळशीकरांना माझी विनंती आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय पटलावर घ्या. पुढची साथ आली तर मास्क कुठे घालायचा आणि कुठे नाही, कुणाला सूट द्यायची, साठीच्या पुढच्यांना एन-९५ गावाच्या खर्चाने द्यायचे का, हे आजच, भांडून, ठरावाच्या भाषेत लिहून ठेवा. विरोध करणाऱ्याला आधी बोलू द्या. ठराव सांगायचे काम आशाताईला द्यायचे तर त्याचा मोबदलाही त्याच ठरावात लिहा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या शाळेत जाऊन वर्गांच्या किती खिडक्या खरोखर उघडतात ते पाहून या.

(टाळ्या)