नेपथ्याचा अभ्यासक्रम
दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना यांचे शिक्षण संहितेच्या वाचनाशी जोडलेले असते, आणि ते सर्वथा योग्य आहे. विद्यालयाचे तत्कालीन संचालक इब्राहिम अल्काझी यांनी १९६३ मध्ये ‘अंधा युग’ हे नाटक फिरोजशाह कोटला किल्ल्याच्या अवशेषांत सादर केले, तेव्हा तेथील पडक्या भिंतींनीच नेपथ्याचे काम केले. एरवी विद्यार्थी आधी तळआराखडा, म्हणजे रंगमंच वरून जसा दिसेल तशी रेषाकृती, काढतो आणि मग पुठ्ठ्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवतो. १:२५ या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा नट सात सेंटिमीटरचा होतो, आणि पायरी चढण्याजोगी आहे का, कडेच्या प्रेक्षकाला दार दिसते का, हे सुताराने लाकडाला करवत लावण्यापूर्वीच कळते.