पॅकेज करण्याआधी फाइल उघडून बघा

गेल्या भागात डेबियनसाठी पॅकेज कसं बनवायचं ते बघितलं. आज त्याच्या आधीची पायरी. ही पायरी मी स्वतः गाळली होती आणि त्यात माझे तीन शनिवार-रविवार वाया गेले.

झालं असं, मला एक छोटी नोड लायब्ररी डेबियनमध्ये आणायची होती. पॅकेज डॉट जेसनमध्ये लायसन्सच्या जागी 'एमआयटी' लिहिलेलं. तिच्या नऊ डिपेंडन्सी, त्यांचंही तेच. म्हटलं, चला, काम सोपं आहे. एकेक पॅकेज करत गेलो. आठव्याचा सोर्स उघडला तर एका फाइलच्या सुरुवातीला वेगळंच लायसन्स: हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरा, वाईट कामासाठी नको.

वाचायला छान वाटतं ना? पण चांगलं-वाईट ठरवणार कोण? ही डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेसन लायसन्समधली अट. डेबियनची मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं १९९७ पासून आहेत. त्यांत स्पष्ट आहे, की कुठल्या कामासाठी वापरायचं यावर बंधन नको. त्यामुळे ही फाइल 'मेन' विभागात चालत नाही. आणि तिच्याशिवाय चालत नसेल, तर माझी मुख्य लायब्ररीही फार तर 'कॉन्ट्रिब'मध्ये जाणार!

हे फक्त डेबियनवाल्यांचं दुखणं नाही बरं का. मार्च २०२१ मध्ये रुबीच्या माइममॅजिक या जेमचं काय झालं? लेबल एमआयटीचं, आत मात्र जीपीएल लायसन्सची एक डेटा फाइल. ते लक्षात आल्यावर जुन्या आवृत्त्या काढून घेतल्या गेल्या आणि रेल्सची कितीतरी प्रोजेक्ट्स इन्स्टॉलच होईनात.

मग आता मी काय करतो?

आधी एनपीएमटूडेबनं डिपेंडन्सीचं पूर्ण झाड काढतो. डेबियनमध्ये आधीच असलेल्या बाजूला. उरलेल्यांचा सोर्स उतरवून त्यावर लायसन्सचेक चालवतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. 'व्हेंडर', 'डिस्ट' असली फोल्डरं हातानं उघडतो, कारण दुसऱ्याची उचललेली फाइल बहुतेक तिथेच सापडते. मिनिफाइड जावास्क्रिप्ट दिसली की तिचा मूळ सोर्स शोधतो. सोर्स नसेल तर ती चालणार नाही. आणि लायसन्सच लिहिलेलं नसेल तर? गिटवर उघडं दिसतंय म्हणून ते मुक्त होत नाही. परवानगी दिली नाही म्हणजे ती नाहीच.

नको असलेली फाइल वगळता येत असेल, तर कॉपीराइट फाइलमध्ये 'फाइल्स-एक्सक्लूडेड' लिहायचं आणि आवृत्तीला 'डीएफएसजी' शेपूट लावायचं. नाहीतर लेखकाला नम्रपणे विचारायचं. मी विचारलं. त्यानं त्या फाइलऐवजी स्वतःचा कोड लिहिला. त्यालाही ती अट तिथे आहे हे माहीत नव्हतं!

बी.टेक.च्या चार वर्षांत लायसन्सवर आमचं एक लेक्चर झालं नाही. पण सांगलीतल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी 'मेन'मधलं पॅकेज टाकतो, तेव्हा वकिलाला विचारत नाही. कुणीतरी आधी बघितलं असेल, असं तो धरून चालतो. ते 'कुणीतरी' म्हणजे आपण.

तेव्हा पॅकेज करायला बसण्याआधी एक संध्याकाळ फाइली वाचण्यात घालवा. भेटू पुढच्या भागात!