घरचा संगणक आणि उघडी विद्या



घरच्या संगणकाविषयीं चार शब्द सांगावे म्हणून मी आज आपल्यापुढें आलों आहें. या शास्त्रांतला मी पंडित नव्हे. मुलांना शुद्धलेखन व गणित शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तरीहि हा विषय मीं निवडला, याला आमच्या घरीं घडलेली एक गोष्ट कारण झाली. ती प्रथम सांगतों.

आम्ही भाईंदर पूर्वेच्या गोडदेव गांवचे. आज जेथें इमारतींची दाटी झाली आहे, तेथें आमच्या लहानपणीं भाताचीं शेतें होतीं आणि पलीकडे मिठागरें. माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणत असूं, यांनीं नोकरींतून मोकळे झाल्यावर १९९९ सालीं या जुन्या गांवाच्या आठवणी संगणकावर लिहून काढल्या. त्यासाठीं त्यांनीं एक मराठी आज्ञावली विकत आणली होती. आज्ञावली म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतों तें. तिच्याबरोबर एक लहानशी डबी मिळाली होती. ती संगणकाच्या पाठीमागें लावल्यावांचून ही आज्ञावली चालतच नसे. डबी कसली, तें कुलूपच होतें! दादा २०१२ सालीं वारले. पुढें तो संगणक भंगारांत गेला, आणि त्याच्या पाठीला चिकटलेली डबीहि गेली. मागें राहिली एक सीडी.

गेल्या गणपतींत सारें कुटुंब जमलें असतां दादांचें लेखन मोठ्यानें वाचावें असें ठरलें. पुतण्यानें सीडी लावली, फाईल उघडली, आणि पडद्यावर काय यावें? इंग्रजी अक्षरें, कंस, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हें यांची नुसती खिचडी! एकशें चाळीस पानें होतीं, पण एक शब्द लागेना. वहिनी कांहीं न बोलतां आंत निघून गेल्या.

हें असें कां झालें? संगणकाला अक्षर ठाऊक नसतें. त्याला ठाऊक असतात ते आंकडे. प्रत्येक अक्षरासाठीं तो एक क्रमांक सांठवितो. त्या काळच्या पुष्कळशा मराठी आज्ञावल्या इंग्रजी अक्षरांचे क्रमांक उसने घेत, आणि फॉण्ट म्हणून जी आकृतींची पेटी असते तींत त्या क्रमांकांवर मराठी आकृति बसवीत. कोणत्या क्रमांकावर कोणती आकृति, हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पेटी आहे तोंवर मराठी दिसणार. पेटी हरवली कीं खालचें इंग्रजी उघडें पडणार. युनिकोड या आतां सर्वमान्य झालेल्या पद्धतीची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तींत देवनागरीला स्वतःचें १२८ स्थानांचें दालन आहे. ‘क’ चा क्रमांक २३२५; मग संगणक कोणाचाहि असो आणि फॉण्ट कोणताहि असो. परंतु ही पद्धति घरोघरच्या संगणकांत रुजावयास बरींच वर्षें लागलीं, आणि दादांचें लेखन त्याआधींचें होतें.

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाचें काम करतो. त्यानें जुन्या अक्षरांचें युनिकोड करणारी एक छोटी आज्ञावली शोधून आणली. पहिल्या प्रयत्नांत मजकूर बराचसा लागला, पण ‘धर्म’ चें ‘धमर्’ आणि ‘सूर्य’ चें ‘सूयर्’ झालें. कारण असें कीं, जुन्या पद्धतींत अक्षरें डोळ्यांना दिसतात त्या क्रमानें सांठवीत. रफार ‘म’ च्या डोक्यावर म्हणून ‘म’ च्या नंतर. युनिकोडमध्यें उच्चाराचा क्रम धरतात. आधीं रफार, मग ‘म’. ऱ्हस्व वेलांटीचें याच्या उलट. ‘कवि’ शब्दांत ती पूर्वीं ‘व’ च्या आधीं पडे, आतां नंतर येते. दादांच्या फॉण्टमधला रफार त्या आज्ञावलीला ओळखतां येत नव्हता. परंतु ती आज्ञावली उघडी होती. तिच्या आंतील प्रत्येक ओळ वाचण्याची व सुधारण्याची मुभा तिच्या कर्त्यानें दिली होती. माझ्या विद्यार्थ्यानें ती वाचली, रफाराचा नियम दुरुस्त केला, आणि ती दुरुस्ती इतरांच्याहि उपयोगीं पडावी म्हणून मूळ कर्त्याकडे पाठवून दिली.

मला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच. आपलें लेखन आपलें राहावयाचें असेल तर त्याची किल्ली आपल्या हातीं असली पाहिजे.

वर्गांत नुसतें उत्तर लिहून आणणाऱ्या मुलाला मी पुरे गुण देत नसें. ‘रीत दाखव’ असें म्हणत असें. बंद आज्ञावली उत्तर देते, रीत दाखवीत नाहीं. मुक्तस्रोत आज्ञावली रीतहि दाखविते. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं अशा मुक्त आज्ञावलींची चळवळ आरंभिली. ती वापरावी, अभ्यासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, हे चार हक्क त्यांनीं वापरणाराचे मानले. १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा तयार केला. तो आपल्याला परका वाटावयाचें कारण नाहीं. आपल्या खिशांत अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या मुळाशीं लिनक्सच आहे.

आतां घरीं करावयाच्या कांहीं गोष्टी सांगतों.

पहिली परीक्षा. आपल्या जुन्या मराठी लेखनांतील एक ओळ उचलून फोनवरील निरोपांत चिकटवा. ती मराठींतच दिसली तर चिंता नाहीं. इंग्रजी खिचडी दिसली तर जुना फॉण्ट व जुना संगणक चालूं आहे तोंवरच तिचें रूपांतर करून घ्या. निदान सर्व पानें कागदावर छापून ठेवा. मूळ फाईल मात्र पुसूं नका.

दुसरी गोष्ट. मराठी टंकलेखन इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिका. त्यांत डाव्या हाताकडे स्वर व उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनें अशी वर्णमालेची शिस्त आहे. विंडोज असो वा लिनक्स, तो आंतच मिळतो. निराळा विकत घ्यावा लागत नाहीं. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरांत हात बसेल.

तिसरी. पत्रें, हिशेब, आठवणी यांसाठीं लिब्रेऑफिस वापरून पाहा. त्याची स्वतःची फाईलपद्धति २००६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली; तिचे नियम छापील व उघडे असल्यामुळें उद्यां दुसऱ्या कोणासहि ती वाचणारी आज्ञावली लिहितां येईल. सुबक अक्षरांसाठीं मुंबईच्या ‘एक टाईप’ मंडळींनीं घडविलेले ‘मुक्ता’ व ‘बालू’ हे फॉण्ट मुक्त परवान्यावर मिळतात.

चौथी. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केला, आणि पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. म्हणून ते लगेच भंगारांत देऊं नका. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर घालून, आंतल्या तबकडीस हात न लावतां चालवून पाहतां येतें. पसंत पडलें तरच कायम बसवावें, आणि बसविण्यापूर्वीं सर्व फाईलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. पवईच्या आय. आय. टी. च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानें लिनक्स व लिब्रेऑफिस यांचे धडे मराठींतूनहि केले आहेत. ते घरबसल्या पाहतां येतात.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. एखादा जुना छपाईयंत्राचा नमुना लिनक्सवर चालत नाहीं. कांहीं कचेऱ्यांच्या सहीच्या चकत्या विंडोजच मागतात. असें काम नित्याचें असेल तर विंडोज ठेवावें, त्यांत कमीपणा नाहीं. आणि मुक्त म्हणजे केवळ फुकट असेंहि समजूं नये. पैसे न पडणारी प्रत्येक आज्ञावली मुक्त नसते. आणि मुक्त आज्ञावलीमागेंहि कोणाचे तरी श्रम असतात, म्हणून यथाशक्ति देणगी द्यावी, नाहीं तर सांपडलेली चूक तरी नीट लिहून कळवावी. एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. सुशिक्षित घरांतून चोरून उतरविलेल्या आज्ञावल्या सर्रास चालतात. जें विकत घ्यावयाचें तें विकत घ्यावें. जेथें परवडत नाहीं तेथें उजळ माथ्यानें वापरतां येईल असें मुक्त साधन हाताशीं असतां मुलांच्या देखत चोरी कशाला?

दिवाळींत आम्ही पुन्हां जमलों. या वेळीं दादांचें पहिलें पान वहिनींनीं स्वतः वाचलें. आमच्या आईनें एका उन्हाळ्यांत मिठागरावर पाट्या वाहून जी मजुरी मिळविली, तींतून दादांची शाळेची फी भरली गेली, असें त्यांत लिहिलें होतें. मी त्याच आईचा मुलगा. पण मला हें सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या पानावरून कळलें. तें पान आणखी एक वर्ष तसेंच राहिलें असतें, आणि ती सीडी खराब झाली असती, तर तें कधींच कळलें नसतें.

आपल्याहि कपाटांत अशी एखादी सीडी असेल. या रविवारीं ती काढून पाहा, एवढीच माझी विनंती आहे.