भिंतीच्या खालच्या ओळीत



पडद्यामागे लेझीमवाले ताटकळले आहेत, तेव्हा आटोपशीर बोलतो. जगात सगळ्यात काय आवडलं, असं मला बरेचजण विचारतात. आयफेल टॉवर पाहिला. उंच आहे. पण मी रमलो तो कंबोडियात, बायोनच्या मंदिरात.

अंकोर वाटला सगळेच जातात, जावंच. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मननं बांधलेलं विष्णुमंदिर ते. तिथला समुद्रमंथनाचा शिल्पपट सुमारे ४९ मीटर लांब आहे. बायोन त्याच्या जवळच, सातव्या जयवर्मनचं. लोक शिखरांवरच्या प्रचंड दगडी चेहऱ्यांचे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही बाहेरच्या भिंतीपाशी थांबा. वर शेजारच्या चाम लोकांच्या सैन्याशी लढाई जुंपली आहे. खाली कोंबड्यांची झुंज, बाळंत होणारी बाई, मासळीबाजार. एका पठ्ठ्याच्या हातातलं कासव पुढच्या माणसाच्या ढुंगणाला चावतंय! राजाच्या मंदिरात हे कोरायची परवानगी कुणी दिली असेल? मला वाटतं, पाथरवटांनी विचारलंच नसेल. १२९६ मध्ये आलेल्या चोउ दागुआन या चिनी दूतानं लिहून ठेवलंय, की इथला व्यापार बायकांच्या हाती आहे. ते वाचून गेलात तर भिंतीवरच्या त्या बाजारकरणी लगेच ओळखू येतात.

न विचारता कोरणारे इतरत्रही भेटतात. इस्तंबूलच्या आया सोफियात, वरच्या सज्जात, हाल्फदान नावाच्या व्हायकिंगनं संगमरवरावर नाव खरवडलंय. आपल्या गडांवरच्या बदामवाल्यांचा हा पूर्वज!

हिरोशिमाला मात्र गप्प झालो. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठला शहरावर अणुबॉम्ब पडला. आणि तीनच दिवसांनी, शहराच्या एका टप्प्यावर का होईना, ट्राम पुन्हा धावली. पुरुष युद्धावर गेले होते. ट्रामवर चालक-वाहक म्हणून तुम्हा विद्यार्थ्यांच्याच वयाच्या कितीतरी मुली काम करत होत्या. त्या स्फोटातून वाचलेल्या गाड्या नंतर दुरुस्त करून कित्येक वर्षं चालवल्या गेल्या. स्मारक पाहाच, पण तिकीट काढून ट्राममध्येही बसा.

सुट्टीत कुठेही जा, अगदी शेजारच्या तालुक्यात गेलात तरी चालेल. निघण्याआधी त्या गावावरचं एक पुस्तक ग्रंथालयातून घ्या. ग्रंथपालबाई पहिल्याच रांगेत बसल्यात, त्यांना उद्याच गाठा. चला, आता लेझीम होऊ द्या!