पन्नाशीतल्या बाईचं पान



१९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधल्या वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांचा अभ्यास छापून आला. वसा आणि अमिर्झा ही ती गावं. डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ६५० स्त्रियांना तपासलं होतं. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. सरासरी काढली तर एकेकीला तीनपेक्षा जास्त. आणि त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या बायका किती, तर शंभरात आठ. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे तिचं बाळंतपण आणि तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, एवढाच हिशेब होता. त्या अभ्यासानं हिशेबाची वही मोठी केली.

त्या वहीत एक पान मात्र अजून कोरं आहे. पाळी थांबल्यानंतरच्या बाईचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, बायकांची वजन-उंची मोजली गेली ती १५ ते ४९ या वयापर्यंत. रक्तदाब आणि साखर पुढच्या वयातही पाहिली, पण वजन आणि कंबर ४९ ला थांबली. भारतीय स्त्रीची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास थांबते. पाश्चात्त्य देशांत ते वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्या बाईच्या शरीरात सगळ्यात मोठी उलथापालथ चालू असते, नेमकी तेव्हाच ती यादीतून बाहेर पडते. मूल होणं संपलं, तशी मोजणीही संपली.

गावात या उलथापालथीला नाव नाही असं नाही. ‘पाळी गेली, आता अंग सुटणारच,’ हे वाक्य विहिरीवर, बाजारात, बचत गटाच्या बैठकीत कुठंही ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज या सभागृहानं समजून घ्यायला हवं, कारण उपाय तिथं आहे.

अमेरिकेत १९९० च्या दशकापासून ‘स्वान’ नावाचा एक मोठा अभ्यास चालू आहे. चाळिशीतल्या हजारो बायकांना संशोधक वर्षानुवर्षं भेटत राहिले. २०१९ मध्ये त्यांनी एक गोष्ट स्पष्ट दाखवली. पाळी कायमची थांबण्याच्या साधारण दोन वर्षं आधीपासून शरीरातली चरबी वाढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो आणि स्नायू झिजायला लागतात. शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांपर्यंत हे चालतं, मग वेग मंदावतो. या साऱ्या काळात वजनकाटा काय सांगतो? विशेष काहीच नाही. वजन आधी ज्या संथ गतीनं वाढत होतं, त्याच गतीनं वाढत राहतं. एका बाजूनं स्नायू जातात, दुसऱ्या बाजूनं चरबी येते आणि काट्याला त्यातली अदलाबदल कळत नाही.

चरबीची जागाही बदलते. इस्ट्रोजेन भरपूर असताना ती मांड्यांवर आणि नितंबांवर साठते. इस्ट्रोजेन ओसरलं की पोटाकडे वळते, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ बसते. तीच चरबी पुढं साखर, रक्तदाब आणि हृदयविकाराकडे नेते. ‘वय झालं, शरीराचा जाळ मंदावला’ हेही आपण सहज म्हणून जातो. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त माणसांच्या ऊर्जाखर्चाचं मोजमाप प्रसिद्ध झालं. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. जाळ तोच राहतो. त्याला खाद्य देणारा स्नायू मात्र कमी होतो, झोप मोडते, हालचाल घटते.

मराठी मुलखात हे समजून घ्यायला आणखी एक धडा पुण्यानं दिला आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा हा भारतीय देह. म्हणूनच आपल्याकडे २३ बीएमआयपासून जादा वजन धरतात आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायला सांगतात.

आता हे चंद्रपूर-गडचिरोलीत आणून पाहू. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत, तिच्या निकषांनुसार, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २१ टक्के कमी वजनाच्या निघाल्या आणि सुमारे २३ टक्के जादा वजनाच्या. दोन्ही टोकं एकाच राज्यात, बऱ्याचदा एकाच गावात, कधी एकाच घरात. बल्लारपूरच्या किंवा ऊर्जानगरच्या वसाहतीतली बाई एका टोकाला असेल, एटापल्ली-भामरागडकडची माडिया आदिवासी बाई दुसऱ्या टोकाला. दोघींना ‘कमी खा’ हा एकच सल्ला देणं चूक आहे. दुसरीच्या बाबतीत तर तो अन्याय आहे. तिचे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं असू शकतं. तिला स्नायू हवा आहे. तो उपाशी राहून येत नाही.

या बाईला ओळखण्याचं साधन कुठं मिळेल? ते गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या, आशाताईच्या, पिशवीत आधीपासून आहे. तिशीवरच्या प्रत्येक माणसासाठी आशा आजारांचा धोका तपासणारा जो सीबॅक फॉर्म भरते, त्यात कंबरेचा रकाना असतो. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, नव्वदीपुढे दोन. रकाना आहे, तो नीट भरला जाणं ही पुढची गोष्ट. साडीवरून टेप फिरवला तर निऱ्यांचा गठ्ठाही मोजला जातो, परकराची नाडी काचलेल्या जागी मोजलं तर आकडा खोटा पडतो. बाईला आडोशाला न्यायचं, निऱ्या सोडायला सांगायच्या, नाडी सैल करायची. सगळ्यात खालची बरगडी बोटानं शोधायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या मधोमध टेप आडवा, अंगाला टेकलेला पण रुतणार नाही असा. तिनं श्वास सहज सोडला की आकडा वाचायचा. दोन मिनिटांचं काम, पण तेवढ्यात बाई बोलायला लागते. रात्री अंगातून वाफा निघतात, झोप येत नाही, चिडचिड होते, लघवी धरवत नाही, हे ती त्या आडोशाला सांगते, दवाखान्याच्या रांगेत नाही.

चंद्रपूरच्या मे महिन्यात या वाफांचा अर्थ वेगळा आहे. ४५-४६ अंशांचा दिवस, रात्रीही भिंती तापलेल्या, त्यात वीज गेलेली. शरीर आतूनही पेटलेलं. रात्र जागून काढलेल्या माणसाची भूक दुसऱ्या दिवशी वाढते आणि गोड-तळलेल्याकडे ओढ होते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून वाढत्या कंबरेची विचारपूस झोपेपासून सुरू करावी. संध्याकाळनंतर चहा नको, अंगाला सुती पातळ, झोपण्याआधी अंगावर पाणी, तंबाखू-खर्रा बंद. याउप्परही वाफांनी जगणं अवघड होत असेल तर डॉक्टरांशी संप्रेरक उपचारांबद्दल बोलावं. हे उपचार वाफांवर चांगले काम करतात. वजन उतरवण्याचं औषध मात्र ते नाहीत.

ताटाकडे येऊ. इथल्या झाडीपट्टीचं ताट भाताचं. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य, इतर पात्र कुटुंबांना माणशी ५ किलो. पोट भरतं, त्याबद्दल कृतज्ञ असलं पाहिजे. पण हिशेब करून बघा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे ५० किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४१-४२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ३०० ग्रॅम तांदळातून मिळतात सुमारे २४. मूठभर डाळीतून सहा-सात. तिथंच ताट संपलं तर दहा-अकरा ग्रॅम कमी पडतात, आणि घरात शेवटी जेवणारीच्या वाट्याला डाळीचं पाणीच येतं. एक अंडं आणि मूठभर भिजवलेले हरभरे खाल्ले की ही तूट भरून निघते. मामा (माजी मालगुजारी) तलावातले मासे, सुकी मासळी, चवळी, वाल, पावसाळ्यातल्या सात्या (अळंबी), तरोट्याची नि अंबाडीची भाजी, कोवळे वास्ते (बांबूचे कोंब), जवसाची चटणी हे सगळं इथलंच आहे. भात निम्म्यावर आणा असं म्हणण्याआधी ताटात डाळ दुप्पट करा असं म्हणावं. मग भात आपोआप एक वाढणी कमी लागतो.

आणि काम. बायका पूर्वी ढेकीवर भात कांडायच्या, डोक्यावरून पाणी आणायच्या. आता गिरणी आहे, नळ आला, गॅस आला. हे कष्ट गेले ते उत्तमच झालं, त्यांचे गोडवे कुणी गाऊ नयेत. पण त्या कष्टांबरोबर स्नायूंना मिळणारा ताणही गेला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगते. शहरात यावर उत्तर सोपं, पहाटे फिरायला जा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत पहाटे गावाबाहेर एकटीनं चालायला जा असं बाईला सांगणं धोक्याचं आहे. मोहफुलं वेचताना, तेंदूपानं तोडताना वाघाच्या हल्ल्यात बायकांचे जीव गेले आहेत, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून व्यायाम गावाच्या आत आला पाहिजे. अंगणवाडीच्या ओसरीवर दहा वेळा उकिडवं बसून उठणं, पायरी चढणं-उतरणं, पाण्यानं अर्धी भरलेली कळशी दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलणं. बचत गटाच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं याला दिली तरी सुरुवात होईल. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठ-बस करावी.

यानं खरंच फरक पडतो का, असा प्रश्न येईल. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात पाळी थांबण्याच्या उंबरठ्यावरच्या ५३५ बायकांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला आहार आणि चालण्याचं नियमित मार्गदर्शन मिळालं. साडेचार वर्षांनी त्या गटातल्या ५५ टक्के बायकांचं वजन होतं तितकंच किंवा कमी राहिलं होतं. दुसऱ्या गटात २६ टक्के. अंग ‘सुटणारच’ हा शब्द त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

पाळी थांबण्याचा अर्थ प्रत्येक समाजात सारखा नसतो, हेही इथं विसरून चालणार नाही. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईला कुर्माघरात राहावं लागतं. पाळी थांबली की ती वाट संपते. तिथल्या बाईला हे वय सुटकेचं वाटत असेल तर तिला ‘तुमचा कठीण काळ सुरू झाला’ असं घाबरवून बोलू नये. दुसरीकडे बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले तर तिशीतल्या बाईवर पन्नाशी एका दिवसात कोसळते. हाडं, हृदय आणि कंबर या तिन्हींनाही त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून विचारताना ‘पाळी कधी थांबली?’ एवढंच नाही, ‘कशी थांबली?’ हेही विचारायचं. पाळी थांबून बारा महिने उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, मग ते थेंबभर का असेना, तर ताबडतोब तपासणीला पाठवायचं. वजन झपाट्यानं वाढलं तर थायरॉइडही बघायचं.

या सभागृहात बसलेल्या आशाताईंकडे एकदा नजर टाकावी. आशा योजना २००५ मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या वर्षांत पंचविशी-तिशीत निवडलेल्या ताई आज पंचेचाळिशी-पन्नाशीत आहेत. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बाळंतपणांच्या तारखा लक्षात ठेवल्या. स्वतःची शेवटची पाळी कधी आली, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आजच्या या परिषदेपुढे दोन सूचना आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ४५ वर्षांवरच्या बायकांची वेगळी नोंदवही असावी. तिच्यात शेवटच्या पाळीचा महिना, कंबर, झोप, रक्तदाब आणि साखर हे पाच रकाने असावेत. आणि महिन्यातून एक दुपार या बायकांसाठी राखलेली असावी. ठराव संध्याकाळच्या सत्रात येईल. त्याआधी, जेवणाच्या मांडवाशेजारच्या खोलीत पडदे लावून दोन टेबलं मांडली आहेत. तिथं टेप आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. जेवायला जाताना ताईंनी जोडीजोडीनं आत जावं, एकमेकींची कंबर मोजावी आणि आपल्या चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहाव्यात: आकडा, आणि शेवटच्या पाळीचा महिना.