पुरूची बाजू

हल्ली अकरावी-बारावीतल्या पोरांच्या हातात जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या दिसतात. ड्रॅगन, जादूच्या शाळा, जुलमी राजवटी, जिवावरचे खेळ. फँटसी म्हणा, यंग अ‍ॅडल्ट म्हणा. घरातली वडीलधारी माणसं कुरकुरतात, ‘हे काय वाचता? त्यापेक्षा मृत्युंजय वाचा!’

आता गंमत बघा. मृत्युंजय म्हणजे तरी काय? अंगावर कवच आणि कानात कुंडलं घेऊन जन्मलेला मुलगा, बाप साक्षात सूर्य, ऐन वेळी विद्या आठवू नये असा शाप आणि रथाचं चाक गिळणारी धरणी. हेच एखाद्या परदेशी लेखकानं लिहिलं असतं तर आपण त्याला फँटसीच म्हटलं असतं. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे. कोल्हापुरात शिक्षकी करता करता त्यांनी हे पुस्तक लिहिलं आणि 1967 साली ते छापून आलं. पुढं 1973 मध्ये कोवाडच्या रणजित देसाईंचं ‘राधेय’ आलं. एकाच जिल्ह्यानं मराठीला सहा वर्षांत दोन कर्ण दिले! आणि ते वाचले कुणी? पन्नाशीतल्या माणसांनीही वाचले, पण झपाटून वाचले ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी. आपल्यावर अन्याय झालाय, आपल्याला कुणी ओळखलं नाही, असं ज्या वयात रोज वाटतं, त्या वयाला कर्णाइतका जवळचा दुसरा कोण? तेव्हा यंग अ‍ॅडल्ट कादंबरी आपल्याकडं नव्हती असं मला कुणी सांगू नये.

म्हणूनच घरातल्या मुलांच्या मागोमाग मीही ही नवी पुस्तकं वाचत असते. सगळीच चांगली आहेत असं नाही. रिबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ 2023 मध्ये आली आणि जगभर खपली. सुरुवात जबरदस्त आहे. नाजूक हाडांची व्हायोलेट, हिला खरं तर ग्रंथालयात बसायचंय, पण सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या शाळेत ढकलते. शाळेत शिरायचं तर उंचावरच्या अरुंद कठड्यावरून चालत जायचं, पाय घसरला की संपलं. ते पान वाचताना आपलेच तळपाय ओले होतात. पुढं मात्र लेखिका नायिकेचे फार लाड करते. इतरांना एक ड्रॅगन मिळायची मारामार, हिला दोन. शिवाय वीज पाडायची ताकद आणि सर्वांत देखणा तरुणही हिचाच. कर्णाला जे मिळालं त्यातलं एकेक हातचं गेलं, म्हणून तो लक्षात राहिला. इथं नुसती आवकच आवक. आणि पालकांना एक सांगते, हे पुस्तक मुळात मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे. मुलं वाचणारच असतील तर आधी तुम्ही वाचा. प्रणयाचे प्रसंग मोकळेढाकळे आहेत.

उलट सुझान कॉलिन्स यांचं ‘सनराइज ऑन द रीपिंग’ घ्या, 2025 मध्ये आलेलं. ‘हंगर गेम्स’मधला दारुडा हेमिच आठवतो? हे त्याच्या सोळाव्या वर्षाचं पुस्तक. हा मुलगा जिवावरचा खेळ जिंकणार आणि मग त्याचं घरदार उद्ध्वस्त होणार, हे जुन्या वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कर्ण मरणार हे आपल्याला तरी कुठं माहीत नव्हतं? पुढं काय होणार यापेक्षा ते ज्याच्या वाट्याला आलं त्याच्या तोंडून ऐकायचं, यातच गोडी. सावंतांनी तर कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण, अशा सहा जणांना बोलतं केलं.

रोशनी चोक्शी यांची ‘आरू शाह’ मालिकाही मला आवडली. पहिला भाग 2018 चा. अटलांटातल्या संग्रहालयात राहणारी बारा वर्षांची आरू वर्गातल्या मुलांच्या नादानं नको तो दिवा पेटवते आणि तिला कळतं की तिच्यात अर्जुनाचा आत्मा आहे. धर्मराज आणि भीमसुद्धा मुलीच! आजीला ऐकवलं तर आजी रागावेल की हसेल, सांगवत नाही. मला तरी हा अवमान वाटला नाही. महाभारत आपल्या घरचंच आहे असं समजणारी मुलगीच त्याच्याशी एवढी सलगी करू शकते.

आता मुद्द्यावर येते. आपल्या खांडेकरांनी याच कोल्हापुरात ‘ययाति’ लिहिली. कादंबरी 1959 ची, आणि 1974 चं ज्ञानपीठ मराठीत पहिल्यांदा आलं ते खांडेकरांमुळं. त्यात तिघं बोलतात, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. आणि ज्या पोरानं आपलं तारुण्य काढून बापाला दिलं, तो पुरू? त्याच्या नावाचं प्रकरणच नाही. खांडेकरांना भोगाच्या मागं धावणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची होती, त्यामुळं त्यांना दोष देता येत नाही. पण विचार करा, ऐन उमेदीतला मुलगा एका क्षणात म्हातारा होतो, आरशात स्वतःला बघतो, गुडघे धरून पायऱ्या उतरतो, आणि राजवाडा त्याच्या त्यागाचं कौतुक करत बसतो. यापेक्षा मोठी यंग अ‍ॅडल्ट फँटसी कुठल्या भाषेत आहे? बापाच्या इच्छेसाठी आपली वर्षं देणं हे तर आपल्या घरोघरी चालतं. कोचिंग क्लासच्या वर्गात जाऊन बघा.

कन्नडमध्ये गिरीश कार्नाडांनी ‘ययाती’ नाटक लिहून पुरूला आणि त्याच्या बायकोला, चित्रलेखेला, पुढं आणलं. ते लिहिताना ते स्वतः विशी-बाविशीतले होते. मराठीत मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आहे, प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. दोन्ही उत्तम, पण ती आपल्या रोजच्या जगातली पुस्तकं. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’मध्ये अद्भुत आहे, पण ते मोठ्यांसाठी. सोळा वर्षांच्या वाचकासाठी, त्याच्याच तोंडून सांगितलेली अद्भुत कादंबरी मला तरी अजून वाचायची आहे.

म्हणून आज ऐकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, शिरोळ, कुठूनही ऐकत असाल, वही घ्या आणि पुरूची बाजू मांडा. भाषा आपल्या घरातलीच असू द्या. आणि मोठ्यांनो, पोरं लिहायला बसली तर आधी अभ्यास कर म्हणून उठवू नका.